धूळ मागणारी बाई

ये गं, इकडं ये, अशी जवळ सरकून बस. आन् आधी ती गोधडी खाली ठेव. भर घरात झटकून राह्यलीस व्हय? दिवाळीची साफसफाई म्हणून सकाळपास्नं शिंका देतीयस, डोळे लाल झाले, नाक चोंदलं, तरी दारं लावून झटकणं चालूच. बाहेर ने की ती, उन्हात टाक, नाकाला पदर बांध. शिकल्यासवरल्या पोरी तुम्ही, तुम्हाला हे मी सांगावं? रागावू नको. जिनं आयुष्याची चांगली वर्षं लोकांच्या घरची धूळ मागत काढली, तिला धुळीवरून दोन शब्द बोलायचा हक्क आहे.

धूळ मागत, असंच लिहिलंय मी. छपाईची चूक समजू नका.

ह्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई घरी आल्या आन् म्हणाल्या, "गयाबाई, तुमच्या कामाविषयी लिहा." मी म्हटलं, मी शाळेची पायरी चढले न्हाई. भावाच्या पाटीवर अक्षरं गिरवली, आन् पुढं दवाखान्यात औषधाच्या बाटल्यांवरची नावं लावत लावत वाचायला शिकले. त्या म्हणाल्या, बोलता तसंच लिहा. मंग घ्या.

सत्तरच्या पुढची ती वर्षं. तवा जालना जिल्हा झालेला न्हवता, पण वाटूर-मंठ्याकडची, भोकरदनकडची माणसं मोठ्या दुखण्याला जालन्यालाच यायची. आमचे डॉक्टर मुंबईला शिकून आल्ते. दमा, सारख्या शिंका, अंगावर गांधी उठणं, खाज, हे त्यांचं काम. ॲलर्जी हा शब्द तवा आमच्याकडं कुणाच्या तोंडात बसलेला न्हवता. लोक म्हणायचे, हवा लागली, काहीतरी बाधलं, न्हाईतर सरळ कुणीतरी केलंय. मी तिथं झाडलोट करायला लागले. एक दिवस मी केर भरून बाहेर टाकायला निघाले तर डॉक्टर आतून ओरडले, "गयाबाई, थांबा! टाकू नका!" मी घाबरले, म्हटलं केरात काही सोनंनाणं गेलं की काय. ते म्हणाले, "गादीखालची धूळ वेगळी काढून ठेवा." मी मनात म्हटलं, एवढा शिकलेला माणूस, आन् असं झालं बिचाऱ्याचं.

पण ते बराबर होते. त्यांच्याकडं बाहेरदेशची मासिकं यायची. त्यात नुकतंच छापून आलं होतं, की घरातली धूळ म्हणजे नुसती माती न्हाई. आपल्या अंगाची साल गळती, ती खाऊन जगणारा एक जीव अंथरुणात राहतो, डोळ्याला न दिसणारा. त्याच्या विष्ठेनं काही माणसांचा श्वास कोंडतो. त्यांनी मला एकदा सूक्ष्मदर्शकातून दाखवला. पांढुरका, आठ पायांचा, सावकाश चालत होता, जसा काय बाजारातनं घरी चाललाय. मी तवापासून आठवडाभर नीट झोपले न्हाई.

मी विचारलं, "डॉक्टर, हा तर सगळ्यांच्याच अंथरुणात असणार. मंग मला काही होत न्हाई, आन् दुसऱ्याला दमा लागतो, असं कसं?"

ते म्हणाले, "गयाबाई, शेतात माळ्यावर राखणदार बसतो ना, गोफण घेऊन? पाखरं आली की मारतो. तसा राखणदार आपल्या रक्तात असतो. एखाद्याचा राखणदार फार हुशार निघतो. वाऱ्यानं पान हललं तरी गोफण, सावली पडली तरी गोफण. शेवटी स्वतःचीच कणसं झोडपून काढतो. ही ॲलर्जी. आत्ता आत्ता कळलंय, ती गोफण म्हणजे रक्तातला कोणता पदार्थ ते." एवढं मला समजलं. पुढचं जे इंग्रजीत होतं ते त्यांचं त्यांनाच.

त्यांची पद्धत अशी होती. माणसाच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला औषधाचे वेगवेगळे थेंब ओळीनं ठेवायचे. एक ज्वारीच्या फुलोऱ्याचा, एक गाजरगवताचा, एक कोंबडीच्या पिसाचा, एक धुळीचा, असे. प्रत्येक थेंबातून सुई नुसती टोचायची, रक्त येऊ द्यायचं न्हाई. मंग थोडा वेळ बसायचं. ज्या थेंबाखाली डास चावल्यासारखी गांध उठली, तो चोर. चोर सापडला की त्याचंच औषध करायचं, आधी अगदी पातळ, मंग सुई-सुईनं वाढवत न्यायचं, म्हणजे राखणदाराला त्याची सवय व्हावी. धुळीच्या बाबतीत डॉक्टरांचा हट्ट असा, की ज्याच्या त्याच्या घरची धूळ पाह्यजे. ती धूळ खारट औषधी पाण्यात भिजवायची, हलवायची, गाळायची, शीतपेटीत ठेवायची, बिलकुल निर्जंतुक झाली का ते तपासायचं. आन् ती धूळ गोळा करायला जायचं कुणी? तर मी.

माझ्याकडं पत्र्याचा डबा, एक मऊ ब्रश, धुतलेली पांढरी चादर, आन् मलमलचे तुकडे. चादर खाली अंथरायची, तिच्यावर गादी-गोधडी ठेवून काठीनं हळू झोडपायचं, शिवणीतनं ब्रश फिरवायचा, चादरीवर पडलेलं मलमलमध्ये बांधायचं. काम सोपं. धूळ मिळणं अवघड.

का, तर कोणती बाई आपल्या घरात धूळ आहे म्हणून कबूल करील? पहिल्यांदा मी मोंढ्यातल्या एका व्यापाऱ्याच्या घरी गेले. डॉक्टरांनी आधी निरोप धाडला होता, उद्या बाई धूळ न्यायला येतीय. झालं! शेठाणीनं आदल्या दिवशी तीन मोलकरणी लावून घर धुतलं, गाद्या बदलल्या, भिंतीला चुना दिला. मी गेले तर घर लग्नघरासारखं. शेठाणी कमरेवर हात ठेवून म्हणती, "घे, कुठं सापडती तिथं घे." तासभर ब्रश फिरवला, चिमूटभर चुना मिळाला. शेवटी तिलाच माझी दया आली. म्हणाली, "शेजारणीच्या घरी जा गं, तिथं रगड मिळंल." आणखी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला पुडी आणून दिली, म्हणाले, "ही राजूरच्या गणपतीच्या पायरीवरची. घरच्या धुळीपेक्षा पवित्र, हिचंच औषध करा." डॉक्टरांनी ती पुडी हातात घेतली, कपाळाला लावली, आन् बाजूला ठेवली. तवापासून त्यांनी ठरवलं, निरोप धाडायचा न्हाई. बाई सरळ जाईल.

आता विमलची गोष्ट सांगते. हे सगळं तिच्यासाठीच लिहायला घेतलंय.

विमल राजूरकडची लेक, वाटूरच्या पुढं आत दिलेली. घर मोठं, जमीनजुमला जुना, माळवदाचं घर. लग्नाला फार दिवस झाले न्हवते. नवरा घेऊन आला तवा ती दवाखान्याच्या बाकावर पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यावर टेकून बसली होती. दमेकरी माणूस असंच बसतं, खांदे वर चढवून, जसं काय श्वास वरून कुठूनतरी ओढून आणायचाय. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून?

नवराच बोलला, "इथं आली की होतंय, डॉक्टर. माह्येरी गेली की बिलकुल काही न्हाई. तिथं गडी माणसासारखी पाणी भरती. इथं आली की चार दिसांत हे सुरू. आई म्हन्ती, नाटकं हायेत. हिला नांदायचं न्हाई."

बोलायला विमलजवळ श्वास न्हवता.

डॉक्टर माझ्याकडं बघून डोळ्यांनीच म्हणाले, ऐकलं? माहेरी बरी, सासरी आजारी. त्यांना तिथंच संशय आला, की चोर सासरच्या घरात आहे. पण दुसऱ्या कुणाला त्याचा उलटाच अर्थ लागत होता. जाताना नवरा हळूच म्हणाला, "आईचं म्हन्नं पडलं, पोळा झाला की माह्येरी सोडून द्यायचं. मंग दुसरीकडं बघायचं. मला तसं वाटत न्हाई, पण घरात माझं कोण ऐकतंय." सांगताना तो भिंतीकडं बघत होता.

मी एस.टी.नं वाटूरला उतरले, तिथून पायी गेले. दारात सासू, द्वारकाकाकू म्हणायचे त्यांना. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा.

"कोन गं तू?"

"दवाखान्यातनं आले, काकू. जालन्याच्या. विमलच्या औषधासाठी धूळ पाह्यजे, तिच्या अंथरुणातली."

"धूळ?" काकू हसल्या, ओसरीवर बसलेल्या दोघी-तिघीही हसल्या. "बया! मागनारी मानसं लई पाह्यली, पण धूळ मागनारी पैलीच गं तू! नाव काय तुझं?"

मी नाव सांगितलं. मंग गाव सांगितलं. मंग त्यांनी विचारलं, "कोनाची?" हा प्रश्न आपल्याकडं कशासाठी विचारतात ते सांगायला नको. मी सांगितलं, आम्ही बौद्ध.

काकूंचं हसू गेलं. वाईट बोलल्या न्हाईत, ते खरं सांगते. नुसत्या म्हणाल्या, "तिथंच थांब बाई. मी आनून देते."

"अंथरुणातलीच पाह्यजे हो काकू. झोडपून काढावी लागती."

"आमच्या अंथरुणात धूळ न्हाई. उंबऱ्यात हाय, अंगणात हाय. धूळ ती धूळ." आन् सुपात घेऊन आल्या, उंबऱ्यापाशी झाडलेली. वरून माझ्या मलमलमध्ये ओतली, हात न लावता. आत दाराआड विमल उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आन् खाली बघितलं.

मी जालन्याला येऊन डॉक्टरांना सगळं जसंच्या तसं सांगायला गेले, तर ते औरंगाबादला गेल्ते. पुडी मी त्यांच्या टेबलावर ठेवली. ते रात्री आले, दिगंबर कंपाउंडरनं पुडी भिजवली, औषध तयार झालं, आन् माझी सांगायची गोष्ट माझ्याजवळच राह्यली. त्या आठवड्यात माझी सासू आजारी पडली, मी गावी होते. परत आले ती नेमकी त्याच दिवशी, ज्या दिवशी विमलच्या हातावर थेंब टोचले होते.

हात कोरा. ज्या थेंबावर तिच्या सासरच्या घरची धूळ, तिथं काही उठलं न्हाई.

नवरा वाकून वाकून बघत होता. "म्हंजी आमच्या घरचं काही न्हाई, डॉक्टर?"

डॉक्टर म्हणाले, "थांबा, एवढ्यात तसं म्हणू नका."

"पण गांध न्हाई उठली की." त्याचा चेहरा असा झाला, जसं त्याला शेवटची एक आशा होती आन् तीही गेली. "आई हेच म्हन्ती. घरात काही न्हाई, हिच्या मनात हाय." ती दोघं उठली आन् गेली. विमलनं जाताना डोक्यावरचा पदर ओढून घेतला, इतका पुढं की तोंड दिसू नये.

तवा मी सांगितलं, काय काय झालं ते. डॉक्टर उरलेल्या पुडीतली चिमूट सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर घेऊन बसले. बराच वेळ बघून म्हणाले, "सगळे मातीचे कण. कापसाचा एक धागा न्हाई. ही अंगणातली आहे." मंग डोकं धरून बसले. "गयाबाई, तुम्हाला आत घेणार न्हाईत, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

मी म्हटलं, "तुमच्या ध्यानात यायचं कारण न्हाई. माझ्या ध्यानात होतं."

खरी मजा पुढं. डॉक्टर म्हणाले, मंग दिगंबरला पाठवू. दिगंबर जातीनं चालण्यासारखा. तर तो हात जोडून म्हणतो, "सुनेच्या खोलीत मी शिरू? अंथरूण झोडपू? डॉक्टर, जोड्यानं मारतील मला, आन् बराबर मारतील." म्हणजे बघा. जे आत जाऊ शकतात त्यांनी जायचं न्हाई, आन् जिनं जायला पाह्यजे तिला आत घेत न्हाईत. मधल्या मधी एका पोरीचा श्वास अडकलेला.

पोळा आठ-पंधरा दिवसांवर आला होता. मी म्हटलं, मीच जाते.

डॉक्टर म्हणाले, "मी येतो सोबत."

"नको. तुम्ही आलात की त्या तुमच्या मानापानात पडतील, चहा करतील, गाद्या बदलतील. पुन्हा चुनाच मिळायचा."

गेले. भर दुपार. माणसं शेतात. ओसरीवर द्वारकाकाकू मिरच्या खुडत बसल्या होत्या, आन् विमल चुलीपुढं. तिचा श्वास मला दारातनं ऐकू येत होता, पावा फुटल्यासारखा.

"परत आली?" काकू म्हणाल्या.

"काकू, मागल्या बारीला तुम्ही अंगणातली माती दिली."

"तुला कसं कळलं?"

"मला न्हाई कळलं. डॉक्टरच्या काचेला कळलं. त्यात सगळं दिसतंय. माती हाय का कापूस हाय, का अंगाची साल."

काकूंचा हात थांबला. त्यांना वाटलं असणार, त्या काचेतनं सुपासकट त्याही दिसल्या. जराशानं म्हणाल्या, "माझं काय म्हन्नं न्हाई. पण चार घरं बघतेत, बाई. आत घेतलं तर उद्या पानवठ्यावर काय बोलतील?"

मी उत्तर द्यायच्या आधी विमल उठून आली. माझ्या हातातली पांढरी चादर तिनं घेतली. "मी आनते मावशी. मागल्या बारीला ऐकलंय मी, कसं झोडपायचं ते." एक एक शब्द वेगळा, मधी श्वास. मी म्हटलं, "नको गं पोरी, तू झोडपू नको." पण ती आत गेली होती. काठीचा आवाज आला. एक, दोन. मंग खोकला. मंग तोही थांबला, आन् दुसरंच काहीतरी सुरू झालं, जे एकदा ऐकलं की माणूस विसरत न्हाई. श्वास आत जात न्हाई, बाहेर येत न्हाई, नुसता मधी घासतो.

काकू आत धावल्या. आन् आतून ओरडल्या, "अगं ये की आत! बघती काय नुसती! ये!"

मी गेले. ओसरी ओलांडली, माजघर ओलांडलं, विमल झोपायची त्या कोठीच्या खोलीत शिरले. खिडकी न्हाई, ज्वारीच्या कणग्या, त्यांच्यावर गोधड्यांची चवड, खाली गादी, वर माळवदातनं माती झरतीय. विमलचे ओठ निळे पडले होते. मी तिला काखेत धरून उचलली. काकूंनी पाय धरले. दोघींनी मिळून तिला अंगणात आणली, लिंबाखाली बाजेवर बसवली, पुढं वाकवली. डॉक्टरांनी दिलेली गोळी काकूंनीच कोनाड्यातनं काढून दिली. गोळी दोनदा त्यांच्या हातातनं खाली पडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणत राह्यले, "हळू सोड. घाई न्हाई. सोडायचा आधी, मंग घ्यायचा." किती वेळ गेला माहीत न्हाई. हळूहळू ओठाला रंग आला. काकू जमिनीवर बसल्या होत्या, मिरच्यांचे हात तसेच. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "नाटक न्हाई हे."

"न्हाई, काकू."

मंग मी पुन्हा आत गेले. काम राह्यलं होतं ना. कुणी अडवलं न्हाई. गादीची शिवण, उशा, कणगीवरच्या गोधड्या, एक एक उचलून झोडपली, ब्रश फिरवला, मलमलमध्ये बांधलं. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. माझा हात कुठं कुठं लागतोय, ते एक एक करून बघत होत्या. मला ते समजत होतं.

त्या धुळीचं औषध झालं, विमलचा हात पुढं आला, सुई टोचली. बसलोय सगळे. थोड्या वेळानं त्या एका थेंबाखाली गांध उठली, लाल, रुपयाएवढी, कडेनं फाटे फुटलेली. नवऱ्यानं ती बघितली. मी सांगते, बायकोच्या हातावर गांध उठली म्हणून एवढा खूश झालेला नवरा मी तोच बघितला. "हे आईला दाखवतो," म्हणाला, आन् हात तसाच धरून घेऊन गेला, जसं काय वाटूरपर्यंत ती गांध टिकणार होती.

पोळा झाला. तिला कुणी माहेरी सोडलं न्हाई. सुया सुरू झाल्या. सुई दिली की तिला दवाखान्यातच बसवून ठेवायचो, जीव वाचवायचं इंजेक्शन तयार ठेवून, कारण या औषधानं क्वचित उलटंही होतं. आन् ही पोरगी इतक्या जल्दी सुधारली की डॉक्टर चक्रावले. "अजून औषध नावाला अंगात गेलंय. एवढ्यात गुण यायला न्हाई पाह्यजे." मी विमलला बाजूला घेतलं. "काय केलंस गं?"

ती लाजली. लाजली म्हणजे, तिला शरम वाटली. पदराचं टोक पिळत म्हणाली.

"मावशी, रागावू नका. तुम्ही गेल्यावर सासूबाईंनी तुमचा हात लागलेलं सगळं बाहेर काढलं. गोधड्या, वाकळा, चादरी हंड्यात सोडा घालून उकळल्या. उशा फेकल्या. गादी पिंजाऱ्याला दिली, कापूस उन्हात पिंजून घेतला. कोठी खालपासून वरपर्यंत सारवली. मला तवर माजघरात चटईवर झोपवलं."

डॉक्टर हजार वेळा सांगून जे कोणत्या घरात झालं न्हाई, अंथरूण उकळा, गादी उन्हात टाका, खोली बदला, ते त्या बाईनं एका दिवसात केलं. माझा विटाळ धुवायला. आन् माझ्याबरोबर तो आठ पायांचा पण धुतला गेला. पिंजाऱ्याचा हात त्या कापसाला चालला, तो त्याचा धंदा म्हणून. माझा माझ्या धंद्यात पण चालला न्हाई.

डॉक्टरांना सांगितलं तर ते आधी एवढे हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मंग माझ्याकडं बघितलं, आन् चष्मा परत डोळ्याला लावला. मी म्हटलं, "हसा की. असं करा, दर महिन्याला मला घरोघर पाठवा. मी नुसता हात लावून येते, औषधाचा खर्चा वाचंल." ते हसले न्हाईत. त्या संध्याकाळी त्यांनी मला दवाखान्याच्या किल्ल्या दिल्या आन् म्हणाले, उद्यापासून सुईआधीचं सगळं तुम्ही बघायचं.

मला राग आला होता का? आला. घरी गेल्यावर जेवले न्हाई. पण पुढच्या सुईला विमल दवाखान्याचा जिना चढून आली, खालपासून वरपर्यंत, मधी न थांबता, आन् वर येऊन हसली. त्या हसण्यावर राग धरून काय करू? राग ठेवला बाजूला. टाकला न्हाई, ठेवला.

पुढं तपासणीला मी त्या घरी जायची. काकूंनी मला पुन्हा आत बोलावलं न्हाई. ओसरीवर चहा द्यायच्या, वेगळा कप, वळचणीला ठेवलेला. पण एक झालं. माझा आवाज आला की विमल आतून यायची आन् ओसरीवर माझ्या शेजारी बसायची. सासू बोलली तरी बसायची. तिला मला आत नेता येत न्हवतं, मंग ती बाहेर यायची. काकू एकदा म्हणाल्या, "लई मावशी झाली गं तुझी." विमल म्हणाली, "झाली." काकू मंग मला म्हणाल्या, "दर पंधरवड्याला उकळते मी सगळं. डॉक्टरला सांग." मी सांगितलं.

आता ते सगळं गेलं. घरच्या धुळीचं औषध आता कुणी करत न्हाई. प्रत्येक घरची धूळ वेगळी, आज एक, उद्या एक, तिचा काही भरवसा न्हाई, असं पुढच्या शास्त्रानं ठरवलं. आता तयार बाटल्या येतात, त्या जीवाचंच शुद्ध काढलेलं औषध. चांगलंच आहे. नव्या डॉक्टरणीनं मला सांगितलं तवा जरा वाईट वाटलं, की एवढी वर्षं आपण जे झोडपलं ते कच्चं होतं. पण आमचे डॉक्टरच म्हणायचे, आजचं औषध उद्या चुकीचं ठरलं तर समजायचं दवाखाना जिवंत आहे. डॉक्टर गेले. त्यांची खोली आता झेरॉक्सचं दुकान झालीय.

द्वारकाकाकूही गेल्या. त्यांच्या तेराव्याला विमलचा निरोप आला, मी गेले. ती दारात आली, माझा हात धरला आन् सरळ आत नेलं, माजघरातनं, कोठीच्या खोलीत. तिथं तिनं भिंत फोडून खिडकी केलीय. पलंगावर बसवलं. घरच्याच कपात चहा दिला. बायका बघत होत्या, तिनं बघू दिलं. मी चहा घेतला. लई गोड केला होता.

विमल, हा अंक तुझ्या घरी येतो, तुझा ल्योक वाचतो, मला माहीत आहे. म्हणून हे शेवटचं तुलाच. तू मला आत नेलंस, ते मी मरेपर्यंत विसरणार न्हाई. पण तू अजून माझ्याकडं आली न्हाईस. जालन्याला येतीस, बाजार करतीस, नातीला दवाखान्यात दाखवतीस, आन् स्टँडवरनं मला फोन करतीस, "मावशी, पुढच्या बारीला नक्की." मी विचारत न्हाई का ते. तुझ्या मागं शंभर कामं असतील. तुझ्या घरात अजून चार मोठी माणसं आहेत, तेही मला समजतं. पण माझं वय बघ. आमची वस्ती स्टँडपासून लांब न्हाई, कुणालाही गयाबाईचं घर विचार.

सकाळची गाडी धर, म्हणजे दुपारी निवांत बसता येईल. नातीलाही आण. मी ज्वारीच्या भाकरी टाकते, आन् तुला आवडती तशी शेंगदाण्याची चटणी. जेवायलाच ये. डबा बांधून आणू नको.